घोट्यातून जलद डबल बेस: १६० च्या पुढे पाय आखडतात, नेमके काय चुकते आहे?

पेडल_पुणे (प्रश्न)

नमस्कार. मी चार वर्षांपासून ड्रम वाजवतो आणि गेले दीड वर्ष डबल पेडलचा (दोन्ही पायांनी एकच बेस ड्रम वाजवण्याच्या जोडपेडलचा) रियाज करतो आहे. मांडीपासून अख्खा पाय उचलून १५० बीपीएमच्या (मिनिटाला १५० मात्रांच्या) सिक्स्टीन्थ नोट्स, म्हणजे मात्रेला चार ठोके, मी तीन-चार मिनिटे एकसारख्या आवाजात वाजवू शकतो. अडचण त्यापुढे सुरू होते. १६० ला मांड्या जड होतात आणि १६५ ला दोन्ही पाय जागच्या जागी आखडतात. या वेगाच्या वर मांडी न उचलता घोट्यातून वाजवावे लागते, हे मला ठाऊक आहे. नाइल या डेथ मेटल बँडचे ग्रीक ड्रमर जॉर्ज कोलियास अतिजलद वाजवत असतानाही त्यांचे गुडघे जवळपास स्थिर असतात, हे मी अनेकदा निरखून पाहिले आहे. परंतु मी तसे करू गेलो की पाय १९० च्या आसपास आपोआप थरथरू लागतात, मेट्रोनोमशी (लय मोजून देणाऱ्या यंत्राशी) त्यांचा काही संबंध राहत नाही आणि दहा-बारा सेकंदांत नडगीच्या पुढच्या बाजूला आग होऊ लागते. डावा पाय तर उजव्याच्या बराच मागे पडतो.

थोडक्यात, १५० पर्यंत एक तंत्र, १९० ला दुसरे आणि तेही बेलगाम, अशी माझी अवस्था आहे. घोट्याची हालचाल अगदी कमी वेगापासून बसवत न्यायची की आणखी काही मार्ग आहे? स्प्रिंग घट्ट करावी की सैल, आणि स्टुलाची उंची बदलावी का, हेही कृपया सांगावे.

ठाण्याचा_ठेका

तुमच्या प्रश्नातला सर्वांत उपयोगी तपशील म्हणजे नडगीची आग, म्हणून तेथूनच सुरुवात करतो. पेडल दाबण्याचे काम पोटरी करते आणि चवडा वर खेचण्याचे काम नडगीलगतचा स्नायू करतो. पोटरी दमत असती तर मी म्हटले असते की हालचाल बरोबर आहे, ताकद वाढू द्या. नडगी जळते आहे याचा अर्थ प्रत्येक ठोक्यानंतर तुम्ही चवडा स्वतः वर उचलत आहात. ते काम स्प्रिंगचे आहे. पोटरीने दाबायचे आणि लगेच सोडून द्यायचे. फूटबोर्ड (पेडलची पाय ठेवायची पट्टी) परत येताना चवड्याला आपल्याबरोबर वर घेऊन येतो आणि पायाने केवळ त्याच्या सोबत राहायचे असते.

मांडी का आखडते, तेही पाहा. १६५ बीपीएमला सेकंदाला ११ ठोके पडतात, म्हणजे एका पायाच्या वाट्याला साडेपाच. तेवढ्या वेळा संपूर्ण पायाचे वजन उचलून खाली आणायचे आणि पुन्हा उचलायचे, हे कोणत्याही मांडीला फार काळ जमत नाही. त्यामुळे हा तुमच्या कष्टांतील उणेपणा नव्हे. एका हालचालीची मर्यादा संपली आहे आणि दुसरी अजून शिकायची आहे, इतकेच.

ही दुसरी हालचाल तुमच्या पायांना मुळात येत असते. खुर्चीत बसल्या बसल्या पाय हलवला की घरातील मोठी माणसे टोकतात, तो पाय आठवा. चवडा जमिनीला टेकलेला, टाच जेमतेम दोन बोटे वर, आणि ती टाच कसलेही श्रम न करता वेगाने वर-खाली होत असते. आज पेडल बाजूला ठेवून जमिनीवर तसे करून पाहा आणि हाताने मांडी चाचपा; ती मऊ लागली पाहिजे. पेडलवर बसल्यानंतर हीच मांडी दगडासारखी लागत असेल, तर हालचाल घोट्याची दिसली तरी जोर वरूनच येतो आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर. घोट्याच्या बाबतीत वेग वरून खाली आणावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमचे पाय १९० ला आपोआप चालतात ना, मग तीच जागा सुरुवातीची धरा. मेट्रोनोम १८५ वर लावा आणि फक्त उजव्या पायाने एट्थ नोट्सचा (मात्रेला दोन ठोके) एक बार, म्हणजे चार मात्रा, वाजवून तीन बार पूर्ण सैल बसा. मग तेच डाव्याने. एका पायाच्या एट्थ नोट्स म्हणजे दोन्ही पायांच्या सिक्स्टीन्थमधला त्या पायाचा नेमका वाटा असतो, त्यामुळे येथे कमावलेले पुढे तसेच्या तसे वापरता येते. आठही ठोके क्लिकवर (मेट्रोनोमच्या टकटकीवर) बसू लागले की ५ बीपीएम खाली या. खाली येताना काम कठीण होत जाते, कारण थरथर आपल्या वेगाने धावू पाहते आणि तिला थोपवून धरावे लागते. हे थोपवणे म्हणजेच ताबा. याच रीतीने १५५ पर्यंत उतरलात की तुमच्या दोन तंत्रांमधील अंतर भरलेले असेल.

याच्या जोडीला दररोज दहा मिनिटे ८० ते १०० बीपीएमवर, मांडी न उचलता, निव्वळ घोट्यातून वाजवा. त्याने वेग वाढणार नाही, पण ठेवण पक्की होईल. तबल्यात ‘तिरकिट’ सावकाश शिकवतानाही द्रुत लयीत लागणारीच बोटांची ठेवण बसवून घेतात, त्यामागचे कारणही हेच असते.

बैठकीविषयी: खुबा गुडघ्यापेक्षा किंचित वर असावा आणि स्टूल चार बोटे मागे घ्यावे, म्हणजे घोटा गुडघ्याच्या जरा पुढे राहतो आणि त्याला हलायला जागा मिळते. चवडाही फूटबोर्डवर दोन-तीन बोटे मागे सरकवा. फूटबोर्डची बिजागरी टाचेकडे असते, त्यामुळे बिजागरीच्या जवळ दाबले तर पाय थोडासाच हलूनही बीटर (ड्रमवर आपटणारा दांडा) पुरेसा फिरतो. फार मागे मात्र जाऊ नका, कारण मग तेच पेडल जड लागू लागते.

दोन_बीटर

वरील सर्व गोष्टींशी मी सहमत आहे. स्प्रिंगविषयी माझा अनुभव असा की घोट्यासाठी ती नेहमीपेक्षा थोडी घट्ट हवी, पण किती घट्ट हे दुसऱ्याच्या सांगण्यावरून ठरवू नये. दोन्ही चवडे पेडलवर ठेवा, टाचा किंचित उचला, पाय सैल सोडा आणि बीटरकडे पाहा. पायाच्या भाराने बीटर कातड्यात रुतून बसत असेल तर स्प्रिंग तुमच्या पायाला अपुरी आहे. अर्धी फेरी आवळा आणि पुन्हा पाहा.

डावा पाय मागे पडण्याचा दोष संपूर्णपणे पायावर टाकू नका. जॅझ ड्रमर लुई बेल्सन १९५० च्या दशकाच्या आरंभी ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात दोन स्वतंत्र बेस ड्रम वाजवत, तेव्हा दोन्ही पेडलांची चाल सारखीच असे. आपल्या डबल पेडलमध्ये डावा बीटर जोडदांड्यामार्फत फिरतो आणि त्या दांड्याच्या दोन सांध्यांत थोडा जोर खर्च होतो. दांडा तिरपा बसला असेल तर हा फरक अधिक जाणवतो. डावे पेडल असे सरकवा की दांडा शक्य तितका सरळ राहील. त्यासाठी हायहॅटचा (डाव्या पायाने वाजवायच्या झांजांचा) स्टँड थोडा हलवावा लागला तरी हरकत नाही. मी कोकणात राहतो आणि पावसाळ्यानंतर सांध्यांवर गंज धरतो, म्हणून शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब दर महिन्याला सोडतो. त्यानंतर डाव्या पेडलची चाल हाताला स्पष्टपणे हलकी लागते.

एक अपेक्षा आधीच आवरून घ्या. घोट्याचा ठोका मांडीच्या ठोक्याइतका दणदणीत नसतो. अतिजलद मेटलमध्ये बहुतेक ड्रमर ट्रिगर (ठोका ओळखून तयार ध्वनी वाजवणारे उपकरण) लावतात, त्यामुळे हलका ठोकाही ध्वनिमुद्रणात भरदार ऐकू येतो. तुमच्या खोलीत तसा आवाज येत नाही म्हणून जोर लावू गेलात, तर आखडणे परत येईल.

पोटरी_आणि_नडगी

मी येथे केवळ दुखण्याविषयी लिहितो, कारण ते मी भोगले आहे. तीन वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाच्या तयारीसाठी मी नडगीच्या आगीकडे दुर्लक्ष करून रोज दोन तास वाजवत राहिलो आणि परिणामी सहा आठवडे पेडलला पाय लावता आला नाही. दमणूक आणि दुखापत यांतील फरक ओळखायला शिका. दमलेल्या स्नायूची आग सगळीकडे पसरलेली असते आणि थांबल्यावर काही मिनिटांत विझते. नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेवर बोटाने दाबल्यावर एका ठिकाणी ठणका लागत असेल, किंवा सकाळी अंथरुणातून उठून पहिली पावले टाकताना टाचेमागची शीर दुखत असेल, तर त्या दिवशी वाजवू नका; दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. वाजवण्यापूर्वी पाच मिनिटे चालणे आणि पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा सावकाश खाली-वर करणे, एवढे मी आता कधीही चुकवत नाही.

पेडल_पुणे

सर्वांचे मनापासून आभार. सात आठवडे सांगितल्याप्रमाणे केले, म्हणून सविस्तर कळवतो. मांडी चाचपून पाहण्याची सूचना सर्वांत उपयोगी पडली. पेडलवर ती खरोखरच दगडासारखी होती. स्टूल मागे घेतले, स्प्रिंग दीड फेरी आवळली, आणि नडगीची आग दुसऱ्या आठवड्यातच थांबली. आता पोटऱ्या दमतात. उजवा पाय १६० पर्यंत खाली ताब्यात आला आहे, डावा १७० ला अडला आहे. दोन्ही पाय एकत्र १७५ ला चार बार नीट जातात, पाचव्या बारमध्ये डावा पाय पुढे पळतो आणि दोन ठोके एकमेकांना चिकटतात. खालच्या मजल्यावरील काकूंना त्रास होऊ नये म्हणून मी सराव-पॅडखाली गोधडीची चौपदरी घडी घालतो. त्यामुळे पॅड किंचित डुलते, त्याचा काही परिणाम होत असेल का?

ठाण्याचा_ठेका

होय, होतो. पॅड डुलले की बीटर परत येण्याची वेळ दर ठोक्याला थोडी बदलते आणि घोट्याला त्या वेळेचाच आधार असतो. गोधडी राहू द्या, पण तिच्यावर जाड प्लायवूडची फळी टाका आणि पॅड व पेडल दोन्ही त्याच फळीवर ठेवा. डाव्या पायासाठी पंधरा दिवस सर्व सराव डाव्यापासून सुरू करा, म्हणजे क्लिकवरचा ठोका डाव्याचा आणि मधला उजव्याचा. फोन फळीजवळ ठेवून ध्वनिमुद्रण करा आणि निम्म्या वेगाने ऐका. ठोके पाचव्या बारमध्ये चिकटत असले तरी डावा पाय तिसऱ्या बारच्या शेवटीच घाई करू लागलेला ऐकू येईल, असा माझा अंदाज आहे. तसे असल्यास चार बार नव्हे, तीनच वाजवा आणि थांबा.