मी ६४, मैना २२: ताठ नेमकं कोण?

दुडकी

नमस्कार मंडळी. प्रश्न शेवटी आहे, आधी थोडं ऐकून घ्या. तीस वर्षं गणित शिकवलं, पायऱ्या गाळून उत्तर लिहायची सवय नाही.

घोड्यावर पहिल्यांदा बसले ४७व्या वर्षी. मुलीला शिकायला सोडायचे आणि तासभर कुंपणाशी उभी राहायचे. मुलीनं दोन वर्षांत सोडलं, मी राहिले. माझी घोडी मैना आली तेव्हा ९ वर्षांची होती, आता २२. तेव्हा तिला माझ्यापेक्षा जास्त ड्रेसाज (ठरलेल्या हालचाली नेमकेपणानं करायची घोडेस्वारी) येत होतं. आजही येतं. फरक इतकाच की आता मला ते कळतं.

गेली पाच वर्षं आम्ही एकाच पातळीवर खेळतोय, जिथे शोल्डर-इन (घोड्याचे खांदे थोडे आत घेऊन तिरकं जाणं) आणि सिंपल चेंज (दौडीतून चालीवर येऊन दुसऱ्या बाजूची दौड उचलणं) मागतात. वर जायची हाव कधी नव्हती. दोन वर्षांपूर्वी ६४-६५ टक्के सहज यायचे. गेल्या महिन्यात ५८.९ आले. गुणपत्रिका समोर ठेवूनच लिहितेय, प्रत्येकी दहापैकी: पहिला हॉल्ट (थांबणं) ७, फ्री वॉक ८ (लांब लगामावर मान खाली सोडून चालणं हा मैनाचा हुकमी एक्का), उजवा शोल्डर-इन ६.५, डावा ५, मीडियम ट्रॉट (लांब पावलांची दुडकी) ५, दोन्ही सिंपल चेंज ४.५. खाली शेरा: "डावीकडे ताठ. मागून अधिक जोर हवा."

ताठ कोण, ते परीक्षकांनी लिहिलेलं नाही. माझा डावा खुबा झिजलाय. जिना उतरताना कठडा धरते. मैनाही सकाळी तबेल्यातून निघताना पहिली वीस-पंचवीस पावलं आखडून टाकते, मग मोकळी होते. वर बसल्यावर मला दोघींची गाठ वेगळी काढता येत नाही.

तर प्रश्न दोन. ही ताठरता तिची की माझी, हे ओळखायचं कसं? आणि तिची असेल तर पातळी उतरावी, की स्पर्धाच थांबवावी?

कृपा करून हिरोशी होकेत्सूंचं नाव काढू नका. ते लंडनच्या २०१२ ऑलिंपिकमध्ये ७१व्या वर्षी उतरले, हे मला दर आठवड्याला कोणीतरी सांगतं. त्यांची घोडी व्हिस्पर तेव्हा १५ वर्षांची होती. १५ वर्षांची मैना मला द्या, मग बघू.

---

सी_च्या_बाजूला

ताई, मी परीक्षकांच्या शेजारी बसून गुण लिहून घ्यायचं काम बरीच वर्षं केलंय. घोड्याला किती कळतं ते मला विचारू नका, पण कागद वाचता येतो.

टक्के बाजूला ठेवा. तुमचे गुण कुठे गळालेत ते बघा. डाव्या शोल्डर-इनमध्ये डावा मागचा पाय पोटाखाली येऊन वजन घेतो. मीडियम ट्रॉटमध्ये मागून ढकलावं लागतं. सिंपल चेंजमध्ये कॅन्टरमधून (संथ दौडीतून) थेट चालीवर यायचं, तीन ते पाच पावलं चालून दुसऱ्या बाजूचा कॅन्टर उचलायचा. मागच्या पायांवर बसल्याशिवाय ते होत नाही. म्हणजे तिन्ही ठिकाणी मागणी एकाच जागी आहे. फ्री वॉकला ती मागणी नाही, तिथे ८. हे फक्त तुमच्या खुब्याचं दुखणं असतं तर हॉल्टही वाकडा आला असता, असं मला वाटतं.

आता एक बघा: हे कमी गुण चाचणीच्या सुरुवातीला आहेत की शेवटी? पाच-सहा मिनिटांचाच खेळ असतो. सुरुवात वाईट आणि पुढे सुधारणा असेल तर गरम व्हायला वेळ कमी पडलाय. सुरुवात बरी आणि शेवट वाईट असेल तर दम किंवा दुखणं.

आणि साधी युक्ती: चांगल्या बैठकीच्या दुसऱ्या कुणाला तरी वीस मिनिटं वर बसवा आणि तुम्ही सी अक्षरापाशी (मैदानाच्या कडेला अक्षरं असतात, सीपाशी मुख्य परीक्षक बसतात) खुर्ची टाकून बघा. डावी बाजू मोकळी झाली तर खुबा तुमचा.

---

पागेतला_डॉक्टर

न बघता निदान करणार नाही. पण तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना काय दाखवायचं ते सांगतो.

पहिलं, कडक सपाट जमिनीवर, स्वाराशिवाय, हातात धरून सरळ ट्रॉट करवा. मग दोन्ही दिशांना वर्तुळात. मागून आणि बाजूनं मोबाइलवर चित्रण करा. दुखऱ्या मागच्या पायाच्या बाजूला पाठीचा मागचा भाग जास्त वर-खाली होतो, ते संथ गतीत छान दिसतं. अंगावर कुणी नसताना जे दिसेल ते तिचं.

दुसरं, तुम्ही वर्णन करताय ते (सुरुवातीला आखडून, मग मोकळं) म्हाताऱ्या ड्रेसाज घोड्यात हॉकच्या (मागच्या पायाच्या मधल्या मोठ्या सांध्याच्या) खालच्या दोन सांध्यांच्या संधिवातात फार दिसतं. ते सांधे हलतात अगदी थोडे, भार मात्र घेतात. कधीकधी ते पुढे आपोआप जुळून जातात आणि दुखणं कमी होतं, पण त्याची वाट बघत सिंपल चेंज करवत बसू नये.

तिसरं, खोगीर. या वयात पाठीवरचे स्नायू उतरतात. पाच वर्षांपूर्वी बेतानं बसवलेलं खोगीर आज मानेच्या बुडाशी खाली टेकत असेल. घोडी ताठ होते, स्वाराला वाटतं मन नाही. उन्हाळा आला तरी अंगावरचे लांब केस झडत नसतील तर तेही सांगा, त्याची वेगळी रक्ततपासणी असते. आणि दात. घोड्याचे दात आयुष्यभर वर सरकत आणि झिजत राहतात. विशी ओलांडल्यावर मुळाशी फारसं शिल्लक नसतं. लगामावरचा एका बाजूचा जडपणा पुष्कळदा तोंडातून निघतो.

पशुवैद्य सू डायसन यांनी स्वारीखाली दिसणाऱ्या २४ वागण्यांची यादी केली आहे: कान बराच वेळ मागे, तोंड उघडं, शेपटीचे फटके, मागच्या खुराचं टोक ओढत चालणं, चुकीच्या पायावर कॅन्टर, अशी. ८ किंवा जास्त दिसली तर कुठेतरी दुखत असण्याची दाट शक्यता. तुमच्या स्पर्धेचं चित्रण असेल तर चहाची वेळ काढून मोजा. तुम्ही गणिताच्या बाई आहात.

आणि हो, दुखण्यावरचं औषध चालू करायच्या आधी स्पर्धेचे नियम वाचा. फेनिलब्युटाझोनसारखी औषधं आंतरराष्ट्रीय नियमांनुसार स्पर्धेच्या वेळी अंगात चालत नाहीत. देशोदेशीचे नियम वेगळे असतात.

---

जुना_स्वार

मी गोड बोलणार नाही.

माझा घोडा २४ वर्षांचा होईपर्यंत मी खेळलो. शेवटचं वर्ष खेळायला नको होतं. तोही सकाळी आखडायचा, मी म्हणायचो "गरम झाला की ठीक होतो". व्हायचाही. मी वॉर्म-अप वीस मिनिटांवरून पस्तीसवर नेला. मग चाळीस. हे बघा, वॉर्म-अप लांबत जाणं हेच उत्तर होतं, आणि मी ते शिस्त समजत होतो.

एका सकाळी ट्रॉटमध्ये के-एक्स-एम या कर्णावर निघालो, एक्सपाशी, म्हणजे मैदानाच्या मधोमध, पोचायच्या आत सीवरून घंटा वाजली. वाटलं, रस्ता चुकलो. परीक्षक बाई शांतपणे म्हणाल्या, "सर, घोडा लंगडतोय." बाद. अपील नसतं त्यावर. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. बाहेर येईपर्यंत मला तो लंगडताना जाणवला नव्हता. वर बसून आठ वर्षं रोज तीच चाल ऐकली की कान बधिर होतात.

म्हणून सांगतो, तुम्हाला काय वाटतं त्याला फार किंमत देऊ नका. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला विचारा, आणि तो तुमचा मित्र नसला तर उत्तम.

थांबायचं म्हणजे पागेत बांधून ठेवायचं, असं मात्र करू नका. माझ्या घोड्याला मी ती घंटा वाजल्यावर अपराधीपणानं दोन महिने पूर्ण विश्रांती दिली आणि तो आणखी आखडला. रोज चालवा. लांब लगाम, सरळ रेषा, मोठी वळणं.

---

बेरीज

अमेरिकेत ड्रेसाज फाउंडेशनचा सेंच्युरी क्लब आहे, १९९६ पासून. स्वार आणि घोडा यांच्या वयांची बेरीज १०० झाली की कुठल्याही पातळीची एक चाचणी द्यायची, की सभासद. पातळी खाली आणली तरी मान खाली जात नाही, एवढंच सांगायचं होतं. आणि होकेत्सूंचं नाव काढत नाही, पण लॉर्ना जॉनस्टन १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ७० वर्षांच्या होत्या.

---

दुडकी

@बेरीज, तुम्ही नाव न काढता काढलंत. आमची बेरीज आज ८६. दरवर्षी दोन वाढतात, म्हणजे अजून ७ वर्षं. मैना २९ आणि मी ७१. होकेत्सूंचंच वय! सुटका नाही.

@जुना_स्वार, तुमचं वाचून वहीत मागे गेले. मी वॉर्म-अपची वेळ लिहून ठेवते. गेल्या वर्षी १८ मिनिटं, या वर्षी ३०. मीही त्याला शिस्तच म्हणत होते. आभार मानावेत की रागवावं, ठरेना.

---

दुडकी (तीन आठवड्यांनी)

केलेलं सगळं क्रमानं लिहिते, कारण माझ्यासारखी आणखी कोणी हे वाचत असेल.

आमच्याकडे शिकणारी एक मुलगी आहे, वय १९, बैठक अशी की हेवा वाटावा. तिला बसवलं. डावा शोल्डर-इन चक्क सुधारला, माझ्या मते ६.५चा. म्हणजे तिथले दीड गुण माझे. सिंपल चेंज मात्र तिच्याखालीही तसेच: मैना चालीवर येताना डोकं वर फेकते आणि दोन पावलं ट्रॉटची चोरते. ते तिचं.

माझी बाजू मोजायला मी घरी वजनाचे दोन काटे शेजारी ठेवले आणि डोळे मिटून दोन्हींवर एकेक पाय ठेवून उभी राहिले. उजवीकडे ५ किलो जास्त. तीनदा केलं, तीनदा तेच. डावा खुबा दुखतो म्हणून मी उजवीकडे रेलते, आणि वर बसूनही तेच करते. मैना बिचारी पाच किलो एका बाजूला घेऊन डावीकडे वळायचा प्रयत्न करत होती आणि मी तिला टाच मारत होते. फिजिओथेरपिस्टकडे जातेय. काट्यांवर आता फरक ३ किलोचा आहे.

डॉक्टर येऊन गेले. दोन्ही हॉकच्या खालच्या सांध्यांत झीज, डावीकडे जास्त. दात ठीक, फक्त एक टोकदार कड घासली. केस वेळेवर झडले होते, रक्तही ठीक. खोगीर मात्र खांद्यामागे दोन्ही बाजूंना पोकळ आणि पुढे टेकलेलं निघालं; ते बसवणारे गृहस्थ हात घालून म्हणाले, "बाई, ही घोडी आता या खोगिराची नाही." मला वाईट वाटलं. खोगिराचं नव्हे, तेरा वर्षं पाठीवर हात फिरवूनही मला ते दिसलं नाही याचं.

चित्रणात २४ पैकी मोजली. ७ आली. आठवं "शेपटीचे फटके" मी माशांवर ढकललं, मग पुन्हा बघितलं तर माशा नव्हत्या. ८ लिहिली.

डॉक्टरांनी स्पर्धेला नाही म्हटलेलं नाही. सिंपल चेंज, मीडियम ट्रॉट आणि लहान वर्तुळं बंद. रोज आधी पंधरा मिनिटं नुसती चाल, आठवड्यात एक दिवस बाहेर सपाट वाटेवर. ती चाल मला आधी वाया गेलेला वेळ वाटायची. आता पाहते तर मैना नवव्या-दहाव्या मिनिटाला स्वतःहून लांब पावलं टाकायला लागते. ती वेळही वहीत लिहितेय, आणि ती पुढे सरकायला लागली तर थांबायचं, असं डॉक्टरांसमोरच ठरवलंय.

पातळी दोन पायऱ्या खाली आणतेय. २० बाय ४०चं मैदान, २० मीटरची वर्तुळं, फ्री वॉक आहेच. नाव अजून दिलेलं नाही. डॉक्टर सहा आठवड्यांनी पुन्हा बघणार, त्यानंतर.

एक अडचण शिल्लक आहे आणि ती सांगायला लाज वाटते. खालच्या चाचणीत ट्रॉट उठत-बसत चालतो, पाठीला तो हवाही आहे. पण मी वर्षानुवर्षं बसूनच केलाय, आता दिशा बदलली की डायगोनल (घोड्याच्या कोणत्या खांद्याबरोबर उठायचं ते) बदलायचंच विसरते. काल पूर्ण वर्तुळ चुकीच्या पायावर उठले. मैनानं एक कान मागे केला, एकच. यावर कुणाकडे काही युक्ती आहे का?

---

सी_च्या_बाजूला

बाहेरचा खांदा पुढे जाताना उठायचं, एवढं सगळ्यांना माहीत असतं. विसर पडतो तो दिशा बदलताना, तर एक्सवरून जाताना मोठ्यानं "बस-बस" म्हणा, दोन ठोके बसा, मग उठा. सरावात म्हणा हं. स्पर्धेत घोड्याशी बोललेलं आमच्या कागदावर उमटतं.