कारखाना कंपनीकडे गेला. उसाचं बिल आणि राजकीय देणगी तपासायची कुठे?

करवीर_पूर्व
सहकारी कारखाना कर्जात गेला की खाजगी कंपनी तो चालवायला घेते, नाहीतर विकतच घेते. संचालकांत पुष्कळदा निवडणुकीच्या रिंगणातलंच कोणीतरी असतं. सहकारात सभासदाला एक मत तरी असतं; कंपनीत आपण नुसते ऊस घालणारे. मग एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, बरोबर धरली का, आणि कंपनी कुठल्या पक्षाला पैसे देते, हे आपल्याला बघता येतं का? ‘सगळे एका माळेचे मणी’ हे उत्तर नको, ते पाठ आहे.

गुऱ्हाळघर
आधी बिल. २०२५-२६ हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला (उसातून निघणाऱ्या साखरेचं शेकडा प्रमाण) क्विंटलला ३५५ रुपये, आणि त्यावर दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. समजा उतारा १२.२५. म्हणजे वरचे २० टप्पे, ६९.२० रुपये. एकूण ४२४.२०, टनाला ४,२४२. यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ती ९०० धरली तर हातात ३,३४२.

घोळ होतो तो दोन आकड्यांत. एक उतारा. बी-हेवी मळी (जिच्यात अजून साखर शिल्लक असते ती) इथेनॉलला वळवली की साखर कमी पडते, उतारा खाली दिसतो. ती घट परत मिळवून उतारा धरावा लागतो. धरली का, आणि कुठल्या हंगामाचा उतारा घेतला, हे लेखी विचारा. दुसरा आकडा तोडणी-वाहतुकीचा. ती कारखान्याच्या सरासरीने कापतात, त्यामुळे लांबून ऊस आणला की गव्हाणीशेजारच्या शेतकऱ्याचीही कपात वाढते.

ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे, नंतर वर्षाला १५ टक्के व्याज. १०० टनांचे ३,३४,२०० रुपये ६० दिवस रखडले तर व्याज साधारण ८,२४० होतं. ते आपणहून कोणी देत नाही. इथल्या, म्हणजे कोल्हापूरच्या, प्रादेशिक साखर सहसंचालकांकडे अर्ज करताना वजनपावत्या, बिल आणि व्याजाचा हिशोब तिन्ही जोडा. पुढे पुण्याचे साखर आयुक्त आरआरसी (महसुली वसुलीचं प्रमाणपत्र) काढतात आणि जिल्हाधिकारी ती महसुली थकबाकीसारखी वसूल करतात.

ताळेबंद_वाचक
देणगीचं सांगतो. कंपनी कायदा २०१३, कलम १८२. कंपनीला तीन वर्षं पूर्ण हवीत, संचालक मंडळाचा ठराव हवा, आणि मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या ७.५ टक्क्यांपर्यंतच देणगी चालते. ही मर्यादा २०१७ साली काढली होती. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले तेव्हा ती परत आली, आणि नफा-तोटा पत्रकात पक्षाचं नाव लिहिणंही.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरून कंपनीची कागदपत्रं बघता येतात. वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होते, त्यानंतर ३० दिवसांत एओसी-४ (वार्षिक हिशोबाचा फॉर्म) दाखल व्हावा लागतो. म्हणून नोव्हेंबरात बघा, आधी गेलात तर मागच्याच वर्षाचं मिळेल. नफा-तोटा पत्रकाच्या टिपांमध्ये राजकीय देणगीची ओळ शोधा. तिथे पक्षाऐवजी इलेक्टोरल ट्रस्टचं (कंपन्यांच्या देणग्या गोळा करून पक्षांना वाटणारी संस्था) नाव असेल तर वाट तिथेच अडते: निवडणूक आयोगाकडच्या ट्रस्टच्या अहवालात देणारे दिसतात, घेणारे पक्ष दिसतात, पण कोणाचा रुपया कुठे गेला ते दिसत नाही. संचालकाने स्वतःच्या खिशातून दिले असतील तर ते कंपनीच्या कागदात येणारच नाहीत. २०,००० च्या वर असतील तर पक्षाच्या देणगी अहवालात नाव निघतं.

माझ्या मते देणगीपेक्षा ‘संबंधित पक्षांशी व्यवहार’ ही टीप जास्त बोलकी. इथे पक्ष म्हणजे राजकीय नव्हे, संचालकांचे नातेवाईक आणि त्यांच्या कंपन्या. मळी, बगॅस (उसाचा चोथा) कोणाला विकलं? घेणारी कंपनी त्याच घरातली असेल आणि दर पडेल असेल, तर कारखान्याचं उत्पन्न कागदावर आटतं. २०१३ च्या राज्याच्या ऊस दर कायद्यात साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाचा. तो वाटाही तेवढाच आटतो.

शिरोळ_ऊस
दोघांचं बरोबर, पण सत्ता ताळेबंदात नाही हो, तोडणीच्या चिठ्ठीत आहे. लागणीची नोंद कारखान्याकडे झाली की क्रमपाळी, म्हणजे तोडणीचा नंबर, ठरते. ती पाळली नाही तर ऊस शेतातच उभा राहतो, तुरा येतो, वजन घटतं. कोणी धमकी द्यायला लागत नाही, तोडणीची टोळी पाठवली नाही की झालं. गावात मत कुठे पडतं ते इथूनही ठरतं.

म्हणून नोंदीची पोच लागणीच्या आठवड्यातच घ्या. तारीख, गट नंबर, उसाची जात, क्षेत्र, चारही हवेत. को ८६०३२ च्या जागी नुसतं ‘ऊस’ लिहिलेली पोच घेऊ नका. तुमच्यानंतरच्या लागणीला आधी तोड दिली असं दाखवायचं तर हाच कागद लागतो.

आणि काटा. भरलेल्या वजनावर सगळे डोळा ठेवतात, रिकाम्यावर कोणी नाही. रिकाम्या ट्रॉलीचं वजन २०० किलो जास्त धरलं की उसातले २०० किलो गेले. ट्रॉली रिकामी झाल्यावर प्रत्येक खेपेला वजन घ्यायला सांगा, जुना आकडा चालवू देऊ नका. शंका असेल तर भरलेली ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर घाला, पावतीवर वेळ छापून घ्या. फरक निघाला तर तक्रार वैधमापन शास्त्र कार्यालयाकडे.

करवीर_पूर्व
नोंद चिटबॉयकडेच (कारखान्याचा गावातला माणूस) दिली, पोच मिळालीच नाही, तर?

शिरोळ_ऊस
कारखान्याच्या शेती अधिकाऱ्याच्या नावाने अर्ज, सोबत सातबारा. कारखान्याच्या गट ऑफिसात दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का मारून घ्या. शिक्का द्यायला टाळाटाळ केली तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोस्टाची पोच सातबाऱ्याला लावून ठेवा.