रोज ऑफिसला चालतील असे स्मोकी डोळे कसे करायचे? (एसटीच्या प्रवासात टिकायला हवेत)

वेंगुर्लेकरीण:
मंडळी, वय 36. आजवर मेकअप म्हणजे पावडर, टिकली आणि काजळाची एक रेघ. मागच्या महिन्यात नणंदेच्या साखरपुड्याला तिची एक मैत्रीण आली होती. डोळ्यांवर तपकिरी, धुरकट अशी छटा, बाकी चेहरा साधाच. तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. बारा रंगांची पॅलेट मागवली आणि रविवारी प्रयोग केला. काळा रंग पापणीभर, वर भुवईपर्यंत चंदेरी, खाली भरघोस काजळ. माजघरातल्या बल्बखाली बरं दिसत होतं हो. खळ्यात आले तर सासूबाई तुळशीला पाणी घालत होत्या. हातातला तांब्या तसाच राहिला. "डोळ्यांक काय झाला गो? खंय पडलंस?"
सोमवारी नुसतं काजळ घालून कुडाळला गेले, पतसंस्थेत नोकरी आहे. खिडकीजवळ बसूनही उतरेपर्यंत काजळ गालावर. सकाळी डब्यातून वेळ काढून दहा मिनिटं मिळतात. जमेल का?

काजळडबी:
ताई, जमेल. मी मालवणात अकरा वर्षं पार्लर चालवते, आणि रोज स्वतःच्या डोळ्यांना काळी शॅडो (पापणीवर लावायचा पावडरीचा रंग) मीही लावत नाही. काळ्यात जरा हात चुकला की लगेच दिसतं, तपकिरीत खपून जातं. तुमच्या पॅलेटमधले दोनच रंग काढा, दोन्ही मॅट, म्हणजे बिनचमकीचे. एक तुमच्या त्वचेपेक्षा थोडासाच गडद, दुसरा भाजलेल्या खोबऱ्याचा. चमकीचे लग्नसराईला ठेवा.

आणि आधी माजघरातून उठा. आरसा घेऊन पडवीत बसा, उजेड समोरून यायला हवा. निम्मी फजिती त्या बल्बची आहे.

पापणीवरचं तेल टिश्यूने टिपून घ्या. आपल्या दमट हवेत क्रीमवर शॅडो लावली की तासाभरात पापणीच्या घडीत जाऊन बसते. कन्सीलरचा (डाग झाकायचा, त्वचेच्या रंगाचा लेप) तांदळाएवढा ठिपका बोटाने पसरवा, वर किंचित पावडर. डोळ्यांखाली जरा जास्त पावडर टाकून ठेवा, म्हणजे सांडलेला रंग तिच्यासकट झटकता येतो. फाउंडेशन लावत असाल तर ते डोळे झाल्यावर.

आता पेन्सिल. वरच्या पापणीच्या केसांच्या अगदी मुळाशी जाड रेघ ओढा. वाकडी आली तरी चालेल, ती मोडायचीच आहे. पण वॉटरप्रूफ पेन्सिल असेल तर हात चालवा. ती अर्ध्या-एक मिनिटात बसते, मग हलत नाही. म्हणून एका डोळ्याला लावा, लगेच छोट्या ब्रशने वर पसरवा, मगच दुसरा. मी नवीन असताना एका नवरीच्या दोन्ही डोळ्यांना एकदम रेघा मारल्या होत्या. दुसऱ्या डोळ्यापर्यंत पोचले तोवर ती सुकलेली, आणि वऱ्हाड दारात. असो.

त्या पसरलेल्या पेन्सिलीवर खोबऱ्याचा रंग चपट्या ब्रशने दाबा. घासू नका, दाबा. तुमच्या एसटीवरचा उपाय हाच. पेन्सिलीत मेण आणि तेल असतं, ते अंगाच्या गरमीने सैल होतं. वर कोरडी पावडर बसली की जागचं हलत नाही.

मग फुललेला मऊ ब्रश, त्यावर फिका रंग, आणि पापणीच्या घडीत इकडून तिकडे. ब्रश शेपटाकडून धरा म्हणजे जोर पडत नाही. आरशात सरळ बघून, डोळा उघडा ठेवून करा. पापणी जड असेल तर रंग घडीच्या थोडा वर न्या, नाहीतर डोळा उघडल्यावर सगळा आत गडप. थांबायचं कधी? चुलीच्या धुराला कडा असते का? रंग इथे संपला असं बोट ठेवून दाखवता येत असेल तर अजून फिरवा.

खालच्या आतल्या ओल्या कडेला काजळ रोजच्यासाठी बंद. तेच गालावर येतं. ब्रशवर उरलेला रंग खालच्या केसांच्या मुळाशी, बाहेरच्या कोपऱ्याकडे थोडासा टेकवा, बस.

आंबोळी_चटणी:
एवढा खटाटोप कशाला? आमची आजी निरांजनावर तांब्याची ताटली धरून काजळ पाडायची, त्यात एरंडेल. डोळे कसे टपोरे दिसायचे.

काजळडबी:
दिसायचे ना! पण आजी एसटीने कुडाळला जात नव्हती. एरंडेलातलं काजळ उन्हात घसरतंच. आणि बाजारात सुटा सुरमा मिळतो तो कुणी घेऊ नका, पारंपरिक सुरम्यात बऱ्याचदा शिसं असतं.

मिऱ्याबंदर:
एक भर. मी लेन्स लावते. लेन्स आधी, मेकअप नंतर. काढताना उलट, लेन्स आधी काढायची. एकदा बहिणीचा मस्कारा वापरला आणि आठवडाभर डोळा लाल घेऊन बसले. तेव्हापासून स्वतःचाही तीन-चार महिन्यांत टाकून देते, वास येवो न येवो.

वेंगुर्लेकरीण:
काढायचं कशाने? साबणाने चुरचुरतं.

काजळडबी:
घरचं खोबरेल. कापसावर घेऊन मिटल्या डोळ्यावर पंधरा-वीस सेकंद धरून ठेवा, मग अलगद खाली पुसा. रगडायचं नाही. नंतर फेसवॉशने धुवा, नाहीतर पापणीवर तेल राहतं आणि उद्याची पेन्सिल त्यावर घसरते.

वेंगुर्लेकरीण:
नऊ दिवस झाले. पहिले तीन दिवस वीस मिनिटं लागली आणि डबा नवऱ्याने भरला (भाजीला झाकण नव्हतं, पिशवीभर कुळथाची पिठी). आता बारा मिनिटांवर आले. काल पावसात स्टँडपर्यंत चालत गेले तरी रंग जागेवर. कॅशियर बाई म्हणाल्या, "सुट्टी घेतली होती का, ताजी दिसतेस." सासूबाई काहीच म्हणाल्या नाहीत, तांब्याही चालू होता. पण डावा डोळा रोज उजव्यापेक्षा जाड होतो, मग उजवा त्याच्या बरोबरीला आणता आणता दोन्ही काळे.

काजळडबी:
उजव्या हाताने लावता ना? मग डावा आधी करा. अवघड डोळा जसा जमेल तसा होऊ दे, सोपा त्याच्याबरोबर जुळवता येतो. आणि पिठीच्या डब्याला रबरबँड.