१७-ओएचपी खूप वाढलेलं, पण एनजीएस पॅनेल निगेटिव्ह

वाशी_पेडिया: महिन्याची मुलगी, पूर्ण दिवसांची. नवव्या दिवशी सोडियम १२२, पोटॅशियम ७.१, १७-ओएचपी (अॅड्रिनल ग्रंथीत कॉर्टिसोल बनताना मधल्या टप्प्यावर तयार होणारं संप्रेरक) दोनदा खूप जास्त. हायड्रोकॉर्टिसोन, फ्लुड्रोकॉर्टिसोन ही स्टिरॉइडं आणि मीठ सुरू आहे. एनजीएस पॅनेलमध्ये (अनेक जनुकं एकदम वाचणारी तपासणी) काहीच सापडलं नाही. सीएएच (अॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात आनुवंशिक विकार) हे निदान बदलायचं का?

ठाणे_जेनेटिक्स: अजिबात नाही, औषधही थांबवू नका. सीएएचच्या ९० टक्क्यांहून अधिक रुग्णांत दोष सीवायपी२१ए२ या जनुकात असतो. त्याच्या शेजारीच सीवायपी२१ए१पी हे निष्क्रिय जनुक आहे, दोघांच्या एक्झॉनमध्ये (प्रथिनाची माहिती असलेल्या भागांत) जवळपास ९८ टक्के साम्य. एनजीएसचे छोटे तुकडे नेमके कुठले हेच कळत नाही, आणि मोठं डिलीशन (जनुकाचा गहाळ झालेला भाग) निसटतं. लाँग-रेंज पीसीआर (जनुकाचा लांब तुकडा वेगळा वाढवून घेणं) करून सीक्वेन्सिंग आणि सोबत एमएलपीए (डिलीशन पकडणारी चाचणी), दोन्ही मागवा. आईवडिलांचेही नमुने हवेतच: दोन बदल सापडले तरी ते एकाच गुणसूत्रावर असू शकतात, म्हणजे त्या जनुकाची दुसरी प्रत चांगली असू शकते. पुढच्या गरोदरपणाचा २५ टक्के धोका सांगण्याआधी हे पक्कं व्हायला हवं.

ऐरोली_लॅब: रक्ताचा नमुना ईडीटीए नळीत, हेपॅरिनमध्ये नको, पीसीआर अडतो. नमुना फ्रीझ करू नका.

एंडो_घोडबंदर: ११-बीटा हायड्रॉक्सिलेजच्या कमतरतेतही (सीएएचचाच दुसरा प्रकार) १७-ओएचपी वाढतं, पण शरीरातून इतकं मीठ सहसा जात नाही. रिपोर्टपेक्षा तातडीचं म्हणजे घरच्यांची तयारी. ताप आला की हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट-तिप्पट. उलटीत डोस टिकत नसेल तर २५ मिलिग्रॅम स्नायूत टोचून थेट रुग्णालय. घोडबंदरच्या ट्रॅफिकचा भरवसा नाही, इंजेक्शन घरातच हवं.