टीव्हीवर सौदा झाला म्हणजे पोरगं लाईनीला लागलं का?

कुपवाडचा_फिटर
काल आमच्या भावकीच्या ग्रुपवर शार्क टँकची, म्हणजे धंदेवाले गुंतवणूकदारांकडं पैसे मागतात त्या टीव्ही शोची, एक पोस्ट फिरत होती. "शार्क टँकवर गेलेल्यांचं पुढं काय होतं? घंटा! पैसे मिळतच नाहीत, सगळी स्क्रिप्ट." खाली अंगठेच अंगठे. ज्यांनी जन्मात पानपट्टी चालवली नाही ती माणसं हे बोलतात, डोकं फिरलं म्हणून इथं लिहितोय.

अहो, टीव्हीवर हात मिळवतात तो साखरपुडा. लग्न नंतर. मग वह्या तपासतात, जीएसटी रिटर्न बघतात, हिस्से कुणाच्या नावावर, कर्ज किती. फोर्ब्सनं अमेरिकेतल्या पहिल्या सात सीझनमधल्या सौदा झालेल्या 237 जणांची चौकशी केली होती, त्यात साधारण 43 टक्के सौदे पुढं बारगळले होते. मग काय सगळे भिकेला लागले? तिथलाच एक डोअरबेलवाला 2013 ला सौदा न करताच परत गेला, 2018 ला त्याची रिंग नावाची कंपनी अॅमेझॉननं विकत घेतली.

खरी गंमत पैशात नसतीच. माझा मेव्हणा हळद पॉलिशचा ड्रम बनवतो, आतल्या जाळीत त्यानं स्वतःचं डोकं लावलंय. एका मराठी चॅनेलवर शेतीच्या कार्यक्रमात सात मिनिटं दाखवला. शार्क नाय, चेक नाय, काय नाय. त्या रात्री दोनशेवर मिसकॉल. बहिणीनं दुधाच्या हिशोबाच्या वहीत उलट्या बाजूनं नंबर लिहून घेतले, बसमत, निजामाबाद, इरोड, कुठनं कुठनं. ह्याची ताकद महिन्याला दोन ड्रमची. पत्रा रोखीनं, मोटर रोखीनं, बँकेची सीसी, म्हणजे चालू कर्जाची मर्यादा, चार लाखाची. नऊ जणांनी अॅडव्हान्स दिला होता, मार्च संपला तरी पाच ड्रम बाकी. हळद शिजून वाळून बाजारात गेली, आता ड्रम घेऊन काय पूजा करायची? पुढचे दोन महिने शिव्याच खाल्ल्या त्यानं. पैसे मिळतात का नाही हा प्रश्नच चुकीचा आहे, ऑर्डर आल्यावर झेपते का ते विचारा.

वाईकर_सध्या_पुण्यात
म्हणजे तुम्हीच सांगताय की टीव्हीवर जाऊन नुकसान झालं 😀 मग त्या पोस्टवाल्याचं काय चुकलं? आणि ज्यांना पैसे मिळतात त्यांचं बघा की. मालेगावचा जुगाडू कमलेश, फवारणीची गाडी बनवलेला. लेन्सकार्ट चष्मेवाल्या पीयूष बन्सलनं 10 लाखाला 40 टक्के घेतले! निम्मी कंपनीच की हो. अख्ख्या महाराष्ट्रानं रडत रडत टाळ्या वाजवल्या, मला तर राग आला.

कुपवाडचा_फिटर
अर्धंच सांगू नका. वर 20 लाख बिनव्याजी होते. तुमच्या पुण्यातली कुठली बँक देती बिनव्याजी, पत्ता द्या, उद्या शिवशाही धरतो.

पलूस_एक्सप्रेस
बिनव्याजीवरनं आठवलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 ला लोखंडी नांगर काढला, लोक म्हणायचे लोखंडानं जमिनीला विष चढतं, पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. बेळगावात जागा गेली तेव्हा औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी 32 एकर माळ आणि 10 हजार बिनव्याजी दिले. 1910 ला कुंडल रोडला कारखाना उभा राहिला. एवढं सगळं कॅमेऱ्याशिवाय झालं. राजाला स्वतःच्या चष्म्याची जाहिरात करायची नव्हती.

कृष्णाकाठची
फिटरदादा, एकच विचारते. टीव्हीवर जायच्या आधी मेव्हण्यांनी पेटंटचा अर्ज टाकला होता का?

कुपवाडचा_फिटर
नाही ताई. पुढच्या हंगामात तासगाव रोडला तस्साच ड्रम उभा होता, जाळीसकट. रंग फक्त निळा.

कृष्णाकाठची
मग आता विसरा. एकदा चारचौघांत दाखवलं की नावीन्य गेलं. वर्षभराची सवलत आहे, पण ती सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनाला वगैरे, टीव्हीला नाही. आधी तात्पुरता अर्ज टाकायचा, मग पूर्ण अर्जाला 12 महिने मिळतात. शेतीची पद्धत पेटंट होत नाही पण यंत्र होतं. लोक मेकअपला वेळ देतात, ह्याला देत नाहीत.

मिरज_एमआयडीसी_प्लॉटवाला
पेटंट घेऊन भिंतीला लावा. माणूस मरतो तो उधारीनं. मी एका मोठ्या कंपनीला ब्रॅकेट देतो, नाव घेत नाही, पोटावर पाय येईल. माल गेला की 120 दिवस. फोन केला की "साहेब मीटिंगमध्ये", "सिस्टीम बंद आहे", "बिल ऑडिटला गेलंय". टीव्हीवर जाऊन ऑर्डर आणायची आणि असल्यांना माल द्यायचा, त्यापेक्षा म्हैस पाळा.

कृष्णाकाठची
छोट्या उद्योगाचे पैसे 45 दिवसांत द्यायचे हा कायदा 2006 पासून आहे काका. लेखी करार नसेल तर 15 दिवस. उशीर केला तर आरबीआय बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. आणि 2024 ला आयकरात 43बी(एच) हे कलम आलं, वेळेत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी खर्चाची वजावट मिळत नाही. छोट्या उद्योगांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका.

मिरज_एमआयडीसी_प्लॉटवाला
ताई तुम्ही कागद वाचता, मी माणसं वाचतो. ते कलम आलं तेव्हा त्यांच्या परचेसवाल्यानं मला केबिनमध्ये बसवून चहा पाजला आणि म्हणाला, "छोटा उद्योग म्हणून केलेली उद्यम नोंदणी रद्द करा की, पुढची ऑर्डर सोपी जाईल." तक्रार टाकू? अकरा कामगार आहेत माझ्याकडं, त्यांना पोर्टल दाखवू का दिवाळीला?

वाईकर_सध्या_पुण्यात
म्हणजे घाबरायचं आणि मग रडायचं. तुमच्यासारख्यांमुळंच त्यांची हिंमत वाढते.

मिरज_एमआयडीसी_प्लॉटवाला
एसीत बसून अक्कल शिकवू नका. महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होतो ना तुमचा? मग गप बसा.

रंग_लावणारा
सगळे उधारीवर बोलतायत म्हणून मी पण बोलतो. फिटर, मी तुला ओळखलंय. पाच ड्रमना पावडर कोटिंग कुणी केलं होतं? गेल्या गुढीपाडव्याला. चोवीस हजार चारशे. "शेतकऱ्याकडनं आले की देतो" म्हणालास, आता पुढचा पाडवा आला. आणि इथं ज्ञान वाटतोयस 🙏

पलूस_एक्सप्रेस
आईशप्पथ. पॉपकॉर्न आणा रे.

वाईकर_सध्या_पुण्यात
43बी(एच) लागू होतं का हो ताई ह्यांना? 😂

कुपवाडचा_फिटर
वाईकर, तू मध्ये पडू नको.
रंगवाल्या, बिल मेव्हण्याच्या नावावर आहे, माझ्या नाही.

रंग_लावणारा
माल घ्यायला टेम्पोत तू होतास. चलनावर सही तुझी. फोटो टाकू का?

कुपवाडचा_फिटर
बरं बाबा, फोटो टाकू नको. त्या नऊ जणांतल्या चौघांनी अॅडव्हान्स परत मागितला, तेव्हा सगळी सीसी त्यातच गेली, ते तुला पण माहितीय. शनिवारी दहा हजार देतो. ग्रुपवरच्या त्या पोस्टचं म्हणाल तर ती स्क्रिप्टची बडबड अजून मला मान्य नाही. "पुढं काय होतं" एवढंच विचारलं असतं तर मी बोललोच नसतो.

रंग_लावणारा
कुठला शनिवार ते पण लिही.