शेतघर वाचवा, पण त्याचं संग्रहालय करू नका

(मंचावरची चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

जोतं (चर्चाप्रस्ताव)

स्थानिक इतिहास मंडळाच्या हाती जुनं शेतघर आलं की पुढचं सगळं जवळजवळ ठरलेलंच असतं. वर्गणी काढायची, भिंती रंगवायच्या, खोल्यांत चरखा, कंदील, पाळणा मांडायचा, दारात दोरी बांधायची आणि महिन्यातून एखाद्या रविवारी कुलूप उघडायचं. पहिली काही वर्षं लोक येतात, मग शाळांच्या सहली तेवढ्या उरतात. बाकीचे दिवस घर बंद, आणि बंद घर फार लवकर खचतं. पन्हळीत पाला तुंबलेला कुणाच्या लक्षात येत नाही, पाणी जोत्यात मुरत राहतं आणि भिंतीच्या तळाची आडवी तुळई आतून कुजते. बाहेरून रंग ताजाच असतो.

म्हणून माझं मत असं: घर वाचवायलाच हवं, पण त्यात माणसांचा वावर हवा. भाड्याने द्या, वाचनालय चालवा, सुतारकामाचे वर्ग भरवा. वास्तुसंवर्धनात जिचा सतत आधार घेतला जातो त्या १९६४ च्या व्हेनिस सनदेच्या पाचव्या कलमातही म्हटलं आहे की समाजोपयोगी वापर असला की वास्तू जपणं सोपं जातं. ब्रिटनमधला लँडमार्क ट्रस्ट १९६५ पासून हेच करतो आहे: पडायला आलेली घरं दुरुस्त करायची, सुट्टीत राहायला भाड्याने द्यायची, त्या भाड्यातून त्यांची देखभाल करायची.

तुळई

जोतं, कलम अर्धंच सांगितलंत. त्याच कलमात पुढे अट आहे की वापरापायी वास्तूची रचना आणि सजावट बदलता कामा नये. आता राहत्या घराला काय काय लागतं ते बघा: न्हाणीघर, वीज, पाण्याचे नळ, आग लागली तर बाहेर पडायला दुसरा जिना, चाकाची खुर्ची आत जाईल एवढं रुंद दार. यातली एकही मागणी अवाजवी नाही, पण प्रत्येक मागणी जुनी भिंत फोडूनच आत येते.

आणि त्या भिंतीत, त्या लाकडात जे लिहिलेलं असतं ते परत मिळत नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या डेडम गावचं फेअरबँक्स घर १६३७ ते १६४१ च्या सुमारास उभं राहिलं, हे त्याच्या लाकडातली, दरवर्षी एक पडणारी वाढीची कडी तपासून कळलं. झाड नेमकं कोणत्या वर्षी तोडलं हे कळायला सालीलगतचं शेवटचं कडं शाबूत लागतं. भाडेकरूला जागा नीटनेटकी दिसावी म्हणून तुळईच्या कडांवर रंधा मारला, की ते कडं भुशात गेलं. ज्या घरावर सनावळीचा एकही कागद नाही, त्या घराची जन्मतारीख आपण आपल्याच हाताने पुसतो. संग्रहालय कंटाळवाणं असेल, पण तिथे निदान कुणी भिंतीला भोक पाडत नाही.

दप्तरदार

मला तुमच्या दोघांच्याही आधीचा प्रश्न विचारायचा आहे. घर घ्यायचंच कशाला?

ब्रिटनमध्ये जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टने १८९६ साली पहिली इमारत घेतली, अल्फ्रिस्टन गावचं क्लर्जी हाऊस. किंमत १० पाउंड. दुरुस्तीला त्याच्या कितीतरी पट पैसे लागले. ट्रस्ट पुढे देशभर वाढला, त्याला ते पेललं. पण चार निवृत्त माणसं आणि एक वर्गणीची पावतीवही एवढ्या बळावर चालणाऱ्या मंडळाला पेलत नाही. घर विकत घेणं हा एकदाचा खर्च आणि छप्पर हे कायमचं देणं. छपराच्या मागे धावता धावता मंडळाचं खरं काम मागे पडतं. नोंदवह्यांना वाळवी लागते, ज्या म्हातारीला त्या शेतावरची मळणी आठवते ती जाते, आणि आपण मात्र कौलांचे दरपत्रक मागवत असतो.

अमेरिकेत १९३३ मध्ये मंदीच्या काळात बेकार वास्तुरचनाकारांना हाताशी धरून ऐतिहासिक इमारतींची पाहणी सुरू झाली. मोजमापाचे नकाशे, छायाचित्रं, लेखी टिपणं. ती सगळी लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, आणि त्यातल्या कित्येक इमारती आज फक्त त्या कागदांवर उरल्या आहेत. तरी उरल्या आहेत! नीट मोजा, चित्रित करा, माणसांना बोलतं करा, कागद जपा. घर पडलं तर वाईट वाटेल, पण सगळं गेलं असं होणार नाही.

गिलावा

वाद चालू द्या, पण त्याआधी हातात सिमेंट घेऊ नका, ही कळकळीची विनंती. जुनी भिंत चुन्याची असते. ती ओल शोषते आणि बाहेर सोडते. तिच्या दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, सिमेंटने भरल्या की ओलीची वाट बंद होते; मग पाणी मऊ विटेतून बाहेर पडू बघतं आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. लाकूड सतत ओलं राहिलं की त्याला बुरशी धरते. दुर्लक्षाइतकंच नुकसान या भल्या हेतूच्या दुरुस्तीनेही होतं. देणगी आली की आधी छप्पर, पन्हळी आणि जोत्याभोवतीची चर. रंग सगळ्यात शेवटी. इंग्लंडमधले कारागीर-लेखक विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारतींसाठी संस्था काढली तेव्हाच्या जाहीरनाम्यात रोजच्या काळजीने झीज थोपवण्यावरच भर होता. त्यात आजही काही बदलावंसं मला वाटत नाही.

जोतं

गिलावा, शब्दन् शब्द पटला. आणि तुमच्याच मुद्द्यावरून दप्तरदारांना उत्तर देतो. चुना कसा मळायचा, दर्ज कशी भरायची हे नकाशात येतं का? जपानमधल्या शिराकावा-गोची उतरत्या गवती छपरांची शेतघरं बघा. तिथल्या रहिवाशांनी १९७१ मध्ये आपसांत ठरवलं: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९९५ मध्ये ती गावं जागतिक वारसा यादीत गेली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. छपराचं गवत ठरावीक वर्षांनी बदलावंच लागतं, आणि ते काम शेजारीपाजारी मिळून करतात. छप्पर आहे म्हणून ते शाकारणारे हात आहेत, आणि हात आहेत म्हणून शेजार टिकला आहे. घर पाडून त्याचे उत्तम नकाशे काढले असते तर यातलं काय उरलं असतं?

तुळई

पण त्यांचा दुसरा नियमच भाड्याने देऊ नका असा आहे, आणि तुमची पहिली सूचना भाड्याने द्या अशी!

जोतं

बरोबर, कारण तिथे घरधनी अजून घरात आहेत. माझा आग्रह भाड्यासाठी नाही, वावरासाठी आहे. मंडळाकडे घर येतं तेच मुळी राहणारं कुणी उरलं नाही म्हणून.

माळरान

जागेवर जपणं जमत नसेल तर घर हलवता येतं की. स्टॉकहोमचं स्कानसेन हे उघड्यावरचं संग्रहालय १८९१ पासून स्वीडनभरातून आणलेली घरं दाखवतं. इंग्लंडमधलं बेलीफ हे पंधराव्या शतकातलं शेतघर जलाशयाखाली जाणार होतं. ते सुटं करून दुसरीकडे उभं केलं.

तुळई

जलाशय असेल तर जरूर. सनदेचं सातवं कलमही अशी सूट देतं. पण विहीर, बांध, गोठा, वाऱ्याची दिशा यांच्यापासून तोडलेलं शेतघर म्हणजे नुसता सांगाडा. तो अगदी शेवटचा उपाय.

परसदार

इतका वेळ सगळे ‘घर’ म्हणताहेत आणि डोळ्यांसमोर सगळ्यांच्या मालकाचं घर आहे. न्यूयॉर्कमधलं डाइकमन शेतघर १९१६ मध्ये त्याच घराण्यातल्या दोन बहिणींनी दुरुस्त करून शहराला दिलं. पुढे पुष्कळ काळ ते डच वसाहतकाळाची सुंदर आठवण म्हणून दाखवलं गेलं. त्या शेतावर गुलाम केलेली माणसंही राबत होती, आणि त्यांचा शोध घेण्याचं काम संग्रहालयाने फार उशिरा हाती घेतलं.

हे एका घरापुरतं नाही. ‘मूळ रूपात आणायचं’ असं मंडळ ठरवतं, तेव्हा आधी काय पाडलं जातं? मागची पडवी, गोठ्यालगतची गड्यांची खोली, पत्र्याचं स्वयंपाकघर. कारण काय, तर ती ‘नंतरची भर’. ज्यांनी शेत कसलं त्यांच्या राहण्याची तेवढीच खूण असते. त्याच व्हेनिस सनदेचं नववं कलम सांगतं की जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे. दर्शनी ओसरी अंदाजाने सजवायची आणि खरीखुरी उभी असलेली मागची खोली पाडायची, याला मी वारसा म्हणणार नाही. घरात कोण राहील हा तुमचा वाद आहे. मला आधी कोण कोण राहत होतं ते हवं आहे. आणि ती मागची खोली पडली तर मला ते कुठल्याच भिंतीवर वाचता येणार नाही.

दप्तरदार

परसदार, तुमचा मुद्दा या धाग्यातला सगळ्यात जड आहे. पण त्या माणसांची नावं मिळतात ती शिरगणतीत, मृत्युपत्रात, मजुरीच्या वहीत. खोली सांगते की कुणीतरी इथे झोपत होतं. कोण, ते वही सांगते. म्हणून पैसा एकाच कामापुरता असेल तर मी अजूनही वहीच्याच बाजूने आहे.

जोतं यांना एक पर्याय सुचवतो. घर मंडळाच्या नावावर यायलाच हवं असं नाही. न्यू इंग्लंडमध्ये १९१० साली स्थापन झालेली वारसा जतन संस्था १९८१ पासून संवर्धनाचे करार करते. घर खाजगी मालकाचंच राहतं, तोच राहतो, तोच पन्हळ साफ करतो; पण ठरलेले भाग न बदलण्याची अट दस्तात नोंदवलेली असते, मालक बदलला तरी ती सुटत नाही आणि संस्था वेळोवेळी पाहणी करते. तुम्हाला वावर मिळतो, तुळई यांना हवं ते जुन्या लाकडाचं संरक्षण मिळतं आणि मंडळाचे पैसे कागदांसाठी मोकळे राहतात. फक्त न बदलण्याच्या भागांच्या यादीत मागची खोली पहिल्या ओळीत लिहा.

तुळई

आणि करार करण्याआधी घर संपूर्ण मोजून घ्या. मोजणी नसेल तर काय बदललं हे पुढच्या पाहणीत सिद्ध कसं करणार? इथे दप्तरदारांचे नकाशे मला हवे आहेत.

जोतं

मालक मिळाला तर करार मला मान्य. नाहीच मिळाला तर मात्र घर पडू द्यायला माझा विरोध कायम आहे.