दोन्ही कॅमवर व्हीव्हीटी असताना वेगळा ईजीआर व्हॉल्व्ह हवा कशाला?

ओव्हरलॅप४०
टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही कॅमवर व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) असेल, तर बाहेरून पाइप, कूलर आणि ईजीआर (जळालेला वायू पुन्हा सिलेंडरमध्ये सोडण्याची व्यवस्था) व्हॉल्व्ह लावणं म्हणजे काजळी साचायला आणखी एक जागा करून देणं. थ्रॉटल अर्धवट उघडा असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम असतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उशिरा बंद केला की जळालेला वायू पोर्टमधून सिलेंडरमध्ये परत ओढला जातो, हाच इंटर्नल ईजीआर. ज्वलनाचं तापमान उतरतं, नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. तेवढ्याच ताकदीसाठी थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, त्यामुळे पंपिंगचा तोटाही (हवा आत ओढण्यात वाया जाणारी ताकद) घटतो. उरलेलं काम थ्री-वे कॅटॅलिस्ट (एक्झॉस्टमधले घातक वायू साफ करणारा भाग) करतो, कारण हवा-पेट्रोलचं मिश्रण १४.७ : १ च्या आसपास राखलेलं असतं.

कूलरपक्ष
हलक्या लोडला मान्य. लोड वाढला की गणित फिरतं. आत ठेवलेला वायू गरम असतो, तो ताज्या मिश्रणालाही तापवतो आणि नॉकिंग (मिश्रण आपोआप अवेळी पेटणं) लवकर सुरू होतं. मग ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्पार्क मागे घेतो आणि मायलेज जातं. बाहेरून आणलेला वायू कूलरमध्ये काही शे अंशांनी थंड होतो. तो नॉकिंग दाबतो, स्पार्क पुढे ठेवता येतो. २००९ साली आलेल्या तिसऱ्या पिढीच्या प्रियसचं १.८ लिटरचं इंजिन बघा. त्यात व्हीव्हीटी आहे, तरी ईजीआर बाहेरचा आणि कूलरसकट.

टर्बोत तर हा मार्ग उलटा पडतो. कमी आरपीएमला बूस्टचा दाब एक्झॉस्टपेक्षा जास्त असेल, तर ओव्हरलॅपमध्ये (दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असताना) ताजी हवाच एक्झॉस्टमध्ये निघून जाते.

ओव्हरलॅप४०
टर्बो मी वगळलाच आहे. आणि प्रियसमध्ये व्हीव्हीटी फक्त इनटेक कॅमवर आहे, तीही अ‍ॅटकिन्सन चक्रासाठी इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करायला. एक्झॉस्ट कॅम हलतच नाही, मग तुलना कशी लागू पडणार? शिवाय बाहेरच्या ईजीआरचा खरा रोग तुम्ही सोडून दिलात. मॅनिफोल्डमधली प्रत्येक सिलेंडरकडे जाणारी बारीक भोकं सारखी बुजत नाहीत. चारपैकी तीन बुजली की सगळा वायू चौथ्यात जातो आणि तोच सिलेंडर मिसफायर करतो. लोक कॉइल आणि प्लग बदलत बसतात.

दहाचा पाना
भोकांचा मुद्दा बरोबर, पण व्हीव्हीटीला देखभाल लागत नाही असं कुणी समजू नये. फेझर (कॅम पुढेमागे वळवणारा भाग) ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल जुनं झालं की कंट्रोल व्हॉल्व्हची जाळी तुंबते, फेझर अडकतो आणि पी००११ किंवा पी००१४ हा बिघाडाचा कोड येतो. आयडलला इनटेक कॅम पुढेच अडकून राहिला तर इंजिन थरथरतं. तो थरकाप म्हणजे नको तिथे झालेला इंटर्नल ईजीआरच.

तपासायचं असेल तर इंजिन पूर्ण गरम करा. स्कॅनरवरून ईजीआर व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. आयडल डगमगलं आणि मॅनिफोल्डचा दाब वाढला तर वाट मोकळी आहे. काहीच फरक पडला नाही तर वाट बंद आहे. ईजीआरचा प्रवाह कमी असल्याचा पी०४०१ कोड बहुतेकदा यामुळेच येतो. त्यानंतर इनटेक फेझरला पुढे जायची आज्ञा द्या. तिथेही आयडल बिघडायलाच हवं. बिघडलं नाही तर आधी ऑइलची पातळी आणि ग्रेड, मग जाळी, आणि फेझर सगळ्यात शेवटी.

कूलरपक्ष
एक्झॉस्ट कॅम हलता ठेवला तरी आत राहिलेला वायू थंड होत नाही, माझा आक्षेप तिथेच आहे. भोकं बुजतात हे खरं, पण त्याला उपाय आहे. नुसता व्हॉल्व्ह पुसून भागत नाही. कूलंट काढून कूलर सोडवा, क्लीनरमध्ये भिजत ठेवा, पाणी मोकळं आरपार जाईपर्यंत धुवा. मॅनिफोल्ड उतरवून प्रत्येक भोक ब्रशने साफ करा. गॅस्केट नवीन लावा आणि कूलंट भरल्यावर हवा नीट काढा. ती अडकली तर इंजिन तापतं. काम झाल्यावरही कारण न दिसता कूलंट घटत असेल, तर कूलर आतून फुटलाय का ते प्रेशर टेस्टने बघा. तसा कूलर पुन्हा बसवू नका, पाणी थेट सिलेंडरमध्ये जाऊ शकतं.